कोंड्यातलं पत्र

बसलिंग सुतारांच्या हातचा तंबोरा पन्नास वर्षांत कधी परत आला नव्हता. तारा बदलायला यायचे, भोपळ्याला चीर गेली म्हणून यायचे, टेम्पोतून पडून दांडी मोडली म्हणून मालक रडत घेऊन यायचे. पण कोराकरकरीत तंबोरा 'हा बोलत नाही' म्हणून कुणी परत पाठवावा, असं मिरजेच्या त्या वाद्यांच्या गल्लीत त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. धारवाडच्या एका गायिकाबाईंनी तो पाठवला होता, सोबत चार ओळींची नम्र चिठ्ठी. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बसलिंगआप्पांना बरं वाटलं असतं.

पुण्याहून शनिवार-रविवारसाठी आलेली त्यांची मुलगी शर्वरी तेव्हा कारखान्याच्या उंबऱ्यात चहा पीत बसली होती. तिनं विचारलं तर आप्पा म्हणाले, लाकूड ओलं राहिलं असेल. मग म्हणाले, धारवाडची हवा दमट. मग म्हणाले, बाईंचे कान आता वयस्कर झाले. एका गोष्टीची तीन कारणं देणाऱ्या माणसाला खरं कारण ठाऊक असतं, असं शर्वरीची आई म्हणायची. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तिची वाक्यं अजून घरात वावरत होती.

शर्वरीनं कप खाली ठेवला आणि तंबोऱ्याच्या चारी तारा एकेक करून छेडल्या. ती काही वाद्यं करणारी नव्हे, पण त्या घरातलं मांजरसुद्धा जवारी ओळखायचं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा वरवर सपाट दिसतो. खरा तो कानशीनं इतका हलका उतरता केलेला असतो, की थरथरणारी तार त्याला जाता-येता जेमतेम शिवते. त्या शिवण्यातून बारीक गुंजन उठतं, तीच जवारी, आणि एका तारेतून दहा स्वर बाहेर येतात. नवख्याला ती खरखर वाटते. गाणाऱ्याचा सगळा जीव तिच्यातच असतो. कानशीचा एक हात जास्त पडला की तार मुकी, एक कमी पडला की ती करवादते. हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, बोटाला कळतं तेवढंच.

हा तंबोरा मुका होता. आप्पांनी मान फिरवली आणि खुंट्यांवरची धूळ पुसायला घेतली, जी तिथं नव्हतीच.

त्यांच्या बोटांची कहाणी आधीच सरळ नव्हती. पाच वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांनी संप पुकारला होता. गंमत अशी, की जेवताना, बटणं लावताना, भाजी निवडताना हात अगदी ठणठणीत. कानस उचलली रे उचलली की ती दोन बोटं तळहातात वळून बसायची. गल्लीत कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं म्हातारा सोंग करतोय. मेंदूविकारांच्या डॉ. पाटगावकरांनी समजावलं, की दुखणं हातात नाहीच. जन्मभर एकच बारीक काम करणाऱ्यांना, लेखनिकांना, वादकांना हे होतं. त्या एका कामापुरता मेंदू स्नायूला नको इतके निरोप धाडायला लागतो. निरोप कमी करणं एवढाच इलाज, आणि तो इलाज म्हणजे विष.

बोटुलिनमचं विष. नीट न उकळता बंद केलेल्या अन्नात, जिथं हवा पोचत नाही तिथं, एक जंतू ते तयार करतो. माणूस मारायला त्याचा डोळ्यांना न दिसणारा कणही पुरतो. पण तेच विष अति विरळ करून नेमक्या स्नायूत टोचलं, की ते मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि तिथला प्रथिनाचा एक दोर कापतं. त्या दोराशिवाय तंतूला आपला निरोप स्नायूकडे सोडताच येत नाही. स्नायू गप्प बसतो. तीन-चार महिन्यांत तंतू नवा दोर वळतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यामुळे आप्पा दर तीन महिन्यांनी टोचून घ्यायचे, मधले आठ-नऊ आठवडे काम करायचे आणि उरलेले दिवस चिडचिड करत बसायचे.

मग 'दीर्घा' आलं. विषाचा जो तुकडा दोर कापतो, तो पेशीच्या साफसफाईतून निसटून वर्षानुवर्षं टिकेल, अशी त्याची बांधणीच शास्त्रज्ञांनी बदलली होती. एकदा टोचलं की आठ-दहा वर्षं बघायला नको. आणि ह्या दीर्घाला दारं उघडून दिली ती शर्वरी सुतारनं. टोचणारे आणि बनवणारे दुसरे होते. हिनं फक्त मोजलं होतं.

शर्वरी संशोधनावर संशोधन करायची. आप्पा गल्लीत सांगायचे, 'आमची पोरगी दुसऱ्यांचे निबंध मोजती,' आणि ते तसं खोटं नव्हतं. जगात दिवसाला इतके शोधनिबंध निघायला लागले होते, की ते वाचणं एका जन्माचं काम राहिलं नव्हतं. एकट्या बोटुलिनमवर आठवड्याला तीनशे. म्हणून शर्वरीच्या विभागानं एक यंत्रणा उभी केली होती आणि पहाटे येऊन भविष्य सांगणाऱ्या माणसावरून तिचं नाव ठेवलं होतं पिंगळा. पिंगळा सगळे निबंध वाचायचा आणि नकाशा काढायचा. निबंध म्हणजे ठिपका. ज्याचा आधार जास्त जण घेतील तो ठिपका मोठा. कुठला विषय वर चाललाय, कुठला मावळतोय, हे त्यात लख्ख दिसायचं. औषधांना परवानगी देणाऱ्या समित्या आणि रुग्णालयांचे खरेदी विभाग हळूहळू निबंध सोडून नकाशाच बघायला लागले. दोष तरी कुणाला द्यायचा? वाचायला वेळ कुणालाच नव्हता.

'बोटुलिनम विषावरील संशोधनाचे जागतिक कल' हा शर्वरीचा अहवाल तीन वर्षांपूर्वी आला आणि गाजला. त्यात जुन्या विषाची रेघ खाली चालली होती आणि दीर्घाची सरळ आभाळात. बघता बघता दीर्घाला परवानगी मिळाली. जुनं विष रुग्णालयांच्या फ्रिजमधून नाहीसं झालं, कारण मावळत्या विषयावर जागा कोण अडवणार. आप्पांची पाळी आली तेव्हा पाटगावकरांनी नकाशा समोर धरला होता. आप्पांनी एवढंच विचारलं होतं, "ह्यो माझ्या पोरीनं काढलाय न्हवं? मग टोचा की."

त्याला आता सोळा महिने झाले होते. बोटं वळणं पूर्ण थांबलं होतं. पेढे वाटले होते.

शर्वरीनं तंबोरा भिंतीला टेकवला आणि आप्पांना डोळे मिटायला सांगितलं. शेकडो निबंधांचे सारांश चाळताना एक साधी तपासणी तिच्या डोक्यात राहिली होती. तिनं त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट दोन बाजूंनी अलगद धरलं, जरासं वर उचललं आणि विचारलं, वर की खाली? आप्पा म्हणाले, खाली. तिनं खाली केलं. आप्पा म्हणाले, हलवलंसच कुठं. तिसऱ्यांदा ते हसत म्हणाले, वर, आणि डोळे उघडले, तर बोट खाली होतं.

हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण माणूस आतून बसला. मग त्यांनी सांगितलं, की गेले चार महिने कानस धरल्यावर ती कुठवर दाबली गेली हेच कळत नाही. लाकूड लागतं, थंड-गरम कळतं, सुई टोचली तर दुखतं. पण हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटतो. तुला सांगितलं असतं तर तू मनाला लावून घेतलं असतंस, असं ते म्हणाले, आणि शर्वरीला रडू फुटलं.

सोमवारी पुण्याला गेल्या गेल्या तिनं कोंडा उघडला.

कोंडा हा त्यांच्या विभागाचा शब्द. पिंगळ्याला निबंध भरवण्याआधी ते चाळायचे असतात, आणि चाळणीचे नियम जगभर जवळपास एकच. पूर्ण लांबीचा निबंध हवा. संपादकाला लिहिलेली पत्रं, एकेका रुग्णाच्या हकिकती चालणार नाहीत. भाषा इंग्रजी हवी. नियतकालिक नामांकित यादीतलं हवं. शर्वरीला तिच्या गुरूंनी शिकवलं होतं, की पत्रं म्हणजे संशोधनाच्या कट्ट्यावरच्या गप्पा. त्या मोजल्या तर नकाशात नुसती खरखर येते. तिनं ते मनोभावे पाळलं होतं. चाळणीवर जे उरेल ते एका फाईलीत जायचं, आणि त्या फाईलीला सगळे कोंडा म्हणायचे. तो टाकून देत नसत इतकंच. उघडत कुणी नसे.

दीर्घाबद्दलच्या कोंड्यात दोन हजारांवर नोंदी होत्या. पिंगळ्याला त्या वाचायला सांगितल्यावर तासाभरात एक्केचाळीस वेगळ्या निघाल्या. तुर्कस्तानातला एक शिक्के कोरणारा, पोर्तुगालमधली लेस विणणारी बाई, कोरियातला सुलेखनकार, इराणमधला गालिच्यांच्या गाठी मारणारा. सगळ्यांना दीर्घा टोचलेलं. सगळ्यांचा मूळ आजार बरा झालेला, आणि वर्ष-सव्वा वर्षात सगळ्यांचा हात परका झालेला. कुठल्या कुठल्या गावांतल्या डॉक्टरांनी आपापल्या भाषेत पानभर लिहिलं होतं आणि ते तिथंच पडून होतं.

कारणही त्यातल्याच एका पत्रात होतं. स्नायूंच्या आत सुतकताईच्या चातीच्या आकाराचे बारीक तंतू असतात. स्नायू किती ताणला, बोट कुठं आहे, हे ते मेंदूला कळवत राहतात; म्हणून अंधारातही आपला घास तोंडातच जातो. विष ह्या चात्यांनाही गप्प करतं. जुनं विष तीन महिन्यांत ओसरायचं, चात्या जाग्या व्हायच्या. दीर्घा ओसरतच नव्हतं. मोठ्या चाचण्यांमध्ये हाताची ताकद मोजली होती, थरथर मोजली होती, रुग्ण समाधानी आहे का हेही विचारलं होतं. भांडी घासणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला ह्या उणिवेचा पत्ताही लागत नव्हता, कारण डोळे ती भरून काढतात. ज्यांचा हात डोळ्यांच्या पुढं जाऊन काम करतो, तेवढेच बुडाले होते, आणि ते इतके थोडे होते की कुठल्याच सरासरीत दिसले नव्हते.

एक्केचाळिसावी नोंद मराठीत होती. इचलकरंजीच्या डॉक्टरांच्या संघटनेची वार्षिक स्मरणिका. शुभेच्छांच्या जाहिराती, अध्यक्षांचं मनोगत आणि मध्येच डॉ. रुकय्या मुजावर यांचं दीड पान. हुपरीतल्या शालन रेंदाळे, वय बावन्न, चांदीची बारीक तार ओढून साखळ्या विणण्याचं काम. दीर्घाच्या चाचणीतल्या पहिल्या रुग्णांपैकी एक. पुढचं सगळं तेच.

शर्वरीनं तारीख बघितली. आप्पांना टोचलं त्याच्या चार महिने आधीची. मिरजेपासून दीड तासाच्या वाटेवर, तिच्या मातृभाषेत कुणीतरी धोक्याची सूचना लिहून ठेवली होती, ती तिच्या चाळणीपर्यंत पोचली होती आणि तिच्या नियमानं बाजूला पडली होती. तिला पुढं वाचवलं नाही.

विभागप्रमुख प्रभुदेसाई सर चांगले होते, म्हणूनच त्यांच्याशी बोलणं जड गेलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि सुचवलं, की शर्वरीनं नियतकालिकाला एक दुरुस्तीचं पत्र लिहावं. प्रामाणिकपणाही राहील आणि अहवालही.

"सर, पत्र पिंगळा वाचत नाही," ती म्हणाली. "तो नियम मीच घातलाय."

दुसरी वाट दोघांनाही ठाऊक होती. अहवाल मागे घेतला, तर पिंगळा त्याच्यावर उभारलेलं सगळं पुन्हा तपासायला काढतो. समित्यांना थांबावं लागतं. पण मागे घेणाऱ्याचं नाव तो लाल करतो, आणि लाल नावाच्या माणसाचं पुढचं काहीही मोजत नाही. तिच्या पस्तिशीत हे व्हावं ही काही लहान गोष्ट नव्हती. सरांनी तिला चार दिवस विचार करायला सांगितलं. ती उठताना ते एवढंच म्हणाले, की देशभरात दीर्घासाठी अकरा हजार लोक रांगेत आहेत, आणि त्यातले बहुतेक जवारी काढणारे नाहीत, हेही ध्यानात ठेव.

ती मिरजेला गेली आणि आप्पांना सगळं सांगितलं. चाळणी, कोंडा, हुपरीच्या बाई, तारीख. काही वगळलं नाही. सांगून झाल्यावर ती कारखान्याच्या फरशीकडे बघत बसली. ते रागावतील, निदान एक शब्द टाकून बोलतील, अशी तिला आशाच होती म्हणा ना. मार खाल्ला की पोराला कसं मोकळं वाटतं, तसलं काहीतरी तिला हवं होतं.

आप्पांनी विचारलं, "मग त्या बाईचं पुढं काय झालं?"

शर्वरीनं शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. तारीख सापडली, आपला गुन्हा सापडला, आणि तिथंच ती थांबली होती. म्हणजे कोंडा उघडूनसुद्धा तिनं चाळूनच घेतलं होतं. तिनं फोनवर ते दीड पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीत डॉ. मुजावरांनी लिहिलं होतं, की रुग्ण सध्या तार बोटानं न तपासता खालच्या ओठावर फिरवून तपासते आणि निम्म्या वेगानं का होईना, काम करते. ह्या मार्गाचा अधिक अभ्यास व्हावा.

आप्पांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग उठून टोपी घातली. "चल," म्हणाले. "हुपरी काय लांब न्हाई."

शालन रेंदाळे म्हणजे ठेंगणी, तुरतुरीत बाई. पाहुणे कोण, कशाला आले, हे कळल्यावर शालनबाईंनी आधी चहा टाकला, मग आप्पांचा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट बघितला. तुमचा पण मेला व्हय, असं त्यांनी विचारलं, आणि आप्पांनी मान हलवली. शर्वरीनं आपण कोण हे सांगितलं. तुमच्याबद्दलचं पत्र मीच बाजूला टाकलं होतं, असंही सांगितलं. बाईंना पत्राचा पत्ताच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहून घेतलं होतं खरं, त्या म्हणाल्या, पण असलं कुणी वाचतं होय? हे ऐकताना शर्वरीला जमीन दुभंगावी असं वाटलं.

मग शालनबाईंनी करून दाखवलं. चांदीची केसासारखी तार त्यांनी खालच्या ओठावरून सावकाश ओढली, एका जागी थांबल्या, तिथं नखानं खूण केली. इथं जाड राहिलीय, म्हणाल्या. त्यांनी सांगितलं, की पहिले सहा महिने त्या नुसत्या रडल्या. एक दिवस सुईत दोरा ओवायला म्हणून दोरा ओठात धरला आणि त्यातली गाठ ओठाला कळली. बोटाला आता हलायचं तेवढंच काम, कळायचं काम इथं, असं म्हणून त्यांनी ओठावर टिचकी मारली. वेग गेला तो गेला, भाऊ, त्या म्हणाल्या. हाताला आता मी सून समजते; ती सांगितलेलं करते, पण मनातलं ओळखत नाही. आप्पा कितीतरी महिन्यांनी मोकळे हसले.

परतीच्या वाटेवर शर्वरीनं विचारलं, की तिनं काय करावं. आप्पा खिडकीबाहेर ऊस बघत होते. ते म्हणाले, की घोडी बिघडली तर त्यांचे उस्ताद एकच सांगायचे: वरून मेण लावून आवाज झाकू नकोस, तारा उतरव आणि पहिल्यापासून बस.

अहवाल तिनं गुरुवारी मागे घेतला. कारणासाठी पिंगळ्याच्या अर्जात मोजके पर्याय होते: आकडेवारीत चूक, दुसऱ्याची नक्कल, हितसंबंध. तिचं कारण त्यात कुठंच बसत नव्हतं. तिनं शेवटच्या मोकळ्या चौकटीत लिहिलं, 'जे मोजायला अवघड होतं ते मी नाही असं धरलं,' आणि बटण दाबलं. तासाभरात आभाळात गेलेली ती रेघ खाली आली. समित्यांनी दीर्घा थांबवलं. शर्वरीचं नाव लाल झालं.

कुणी तिला धन्यवाद द्यायला आलं नाही. पहिला फोन आला तो जालन्याच्या एका बाईचा. त्यांची सात वर्षांची मुलगी जन्मल्यापासून टाचा टेकवू शकत नव्हती, पोटऱ्या दगडासारख्या आवळलेल्या. पुढच्या आठवड्यात तिला दीर्घा मिळणार होतं. जुनं विष तर आता मिळतच नव्हतं. बाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीला सतारी लावायच्या नाहीत हो, ताई. तिला नुसतं शाळेपर्यंत चालायचंय."

शर्वरीनं त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला नाही, कारण त्या बरोबर होत्या. दीर्घानं ती मुलगी खरोखरच चालली असती. तिनं बाईंचं नाव, मुलीचं नाव, तारीख लिहून घेतली. लाल नावामुळे नोकरी सुटेपर्यंतचे सहा आठवडे तिनं एवढंच केलं, की आलेला प्रत्येक फोन घेतला आणि प्रत्येकाची हकिकत पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत लिहिली. एक्केचाळीस पत्रांची भाषांतरं करून ती सगळ्या समित्यांना आपल्या नावाशिवाय पाठवली. नाव असतं तर कुणी उघडली नसती. शेवटी समित्यांनी नियम बदलला. ज्यांच्या पायांना, मानेला गरज आहे त्यांना दीर्घा द्यायचं. ज्यांचं पोट हाताच्या बारीक कामावर आहे त्यांना आधी सगळं सांगायचं आणि जुनं विष पुन्हा आणून ठेवायचं. पिंगळ्याच्या चाळणीतून पत्रं आणि परक्या भाषाही आत यायला लागल्या. जालन्याच्या मुलीला टोचलं ते सात महिने उशिरा.

ती मिरजेला राहायला आली. आप्पांनी त्या मुक्या तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या आणि पहिल्यापासून बसले. कानशीचे दोन हात मारायचे, घोडी सोडवायची, खालच्या ओठावर माथा फिरवायचा, डोळे मिटून थांबायचं, पुन्हा चढवायची. पूर्वी एका दुपारचं काम. आता बाविसावा दिवस उजाडला. दोनदा घोडी वाया गेली, एकदा त्यांनी कानस भिंतीवर फेकली. बाविसाव्या दिवशी त्यांनी पंचमाची तार छेडली आणि ती बोलली. पूर्वीसारखी नव्हे. त्या गुंजनात एक जाडसर कड राहिली होती, ती आता राहणारच होती. शर्वरीला ती ऐकू आली, आप्पांनाही आली. धारवाडच्या बाईंनी उलट टपाली कळवलं, की तंबोरा बोलतो, वेगळं बोलतो, आणि त्यांनी तो ठेवून घेतलाय.

पुढच्या वर्षी इचलकरंजीच्या स्मरणिकेत पुन्हा दीड पान आलं. हाताची जाण गेलेल्या कारागिरांनी ओठानं काम कसं करावं, ह्याबद्दल. लेखक तीन: डॉ. रुकय्या मुजावर, शालन रेंदाळे, बसलिंग सुतार. लिहून काढलं होतं शर्वरीनंच. आप्पांनी नकाशा बघायचा हट्ट धरला, तेव्हा तिनं फोनवर तो उघडला आणि मोठा मोठा करत नेला. दीर्घाच्या त्या गर्दीत, एका कडेला, मोहरीएवढा ठिपका होता. आप्पांनी चष्मा चढवून तो बराच वेळ बघितला. त्याला तुर्कस्तानातून एक आणि कोरियातून एक अशा दोन रेघा येऊन मिळाल्या होत्या. म्हणजे तिकडं कुणीतरी तो वाचला होता.

"ह्यात तू कुठं हाईस?" त्यांनी विचारलं.

"मी नाही, आप्पा. माझं नाव आता मोजत नाहीत."

"म्हंजे कोंड्यात?"

"कोंड्यात."

आप्पांनी फोन तिच्या हातात परत दिला, नवी घोडी उचलली आणि ओठाजवळ नेली.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "तिथंच तर आपल्याला माणसं भेटली."